पाटी पुसल्यानंतर

मिरजेच्या संशोधन केंद्रातून सुटी मिळाली, तेव्हा पद्मजा मगदूमच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू औषधालाही उरला नव्हता. डॉ. नसीम बागवान यांनी पडद्यावर तिला तिच्याच यकृताची दोन चित्रं दाखवली. उपचारांआधीचं यकृत करपलेल्या भाकरीसारखं खरबरीत होतं. आताच्या चित्रात त्यावर जागोजागी नव्या पेशी धरल्या होत्या.

"जपा आता," डॉक्टर म्हणाल्या. "थकवा राहील. अंगाला खाज येईल. बोलता बोलता एखादा शब्द हरवेल. उपचार संपले तरी हे काही महिने मागे रेंगाळतं. आणि रोजची गोळी चुकवायची नाही."

पद्मजा मान हलवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. दोन महिने ती बिनस्पर्शाच्या खोलीत राहिली होती. घर सांगलीत, मिरजेहून ते कितीसं लांब! तरीही त्या दोन महिन्यांत तिला मुलाला भेटता आलं नव्हतं. खिडकीच्या काचेतून भेटता येईल असा तो मुलगा नव्हता.

शर्विल एकोणीस वर्षांचा होता, स्वमग्न होता आणि बोलत नसे. चेहरे त्याला गोंधळात टाकत. चष्मा बदलला, केस कापले की माणूस त्याच्यासाठी दुसरंच होई. पण त्याचं नाक पक्कं होतं. नवा माणूस घरात आला की तो आधी त्याच्या बोटांची पेरं हुंगायचा आणि मग ठरवायचा, जवळ जायचं की लांब. आईच्या बाबतीत त्याची पद्धत वेगळी होती. कानाच्या खाली, मानेच्या खळगीत नाक खुपसायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "आ." एवढा एकच उच्चार त्याच्याजवळ होता आणि तो फक्त पद्मजासाठी होता.

याच मुलाच्या जन्माच्या वेळी पद्मजाचं रक्त फार गेलं होतं. बाहेरचं रक्त चढवलं म्हणून ती वाचली. त्या रक्तात विषाणू होता, पण इतका थोडा की तपासणीत तो सापडला नाही. पुढे अठरा वर्षं तो तिच्या यकृतात बिनबोभाट राहिला. नवरा अभिनंदन हृदयविकाराने गेला, शाळेतली भूगोलाची नोकरी आणि शर्विल दोन्ही तिने एकटीने ओढलं. आपण सारखं दमतो याचं तिला कधी नवल वाटलं नाही. दमायला कारणं भरपूर होती. कळलं तेव्हा यकृत निम्मं गेलेलं होतं.

विषाणू मारणं सोपं होतं, त्याच्या गोळ्या केव्हाच्या निघाल्या होत्या. अवघड होतं ते त्याच्या मागे उरलेलं. भाडेकरू घर सोडून गेला तरी त्याने भिंतीत ठोकलेले खिळे राहतात, तशा यकृताच्या जनुकांवर विषाणूने केलेल्या रासायनिक खुणा राहतात. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे त्या खुणा ठरवतात. त्यांच्यामुळेच पुढे कर्करोग बळावतो. नव्या उपचारात या खुणा एकेक करून पुसायच्या आणि पेशींना नव्याने वाढू द्यायचं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. केंद्रातले रुग्ण त्याला 'पाटी पुसणं' म्हणत.

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा मोठी मुलगी ऋजुता शर्विलला धरून दारातच उभी होती. आईला पाहून तिने हात सोडला. शर्विल धावत आला, सवयीने वाकला, त्याने मानेपाशी नाक नेलं आणि तो थबकला. पुन्हा एकदा हुंगलं. मग दोन्ही हातांनी त्याने पद्मजाला बाजूला सारलं आणि रिक्षात डोकावून पाहिलं. आई अजून उतरायची आहे असं त्याला वाटलं होतं.

"शरू, अरे मीच," पद्मजा म्हणाली.

त्या आवाजाने तो एवढा दचकला की कान झाकून घरात पळाला.

*

पहिल्या आठवड्यात दोघींनी स्वतःची समजूत घातली. दवाखान्याचा वास असेल, जाईल. पद्मजाने साबण बदलला, जुन्या साड्या नेसल्या. शर्विल साडीचा पदर हुंगायचा, त्याचा चेहरा उजळायचा, मग नाक पुढे मानेपर्यंत यायचं आणि तो मागे सरायचा. त्याने कपाटातून तिची वाकळ ओढून काढली. उपचारांआधी ती जी पांघरत होती, तीच. दिवसभर ती अंगाभोवती लपेटून तो खोल्या पालथ्या घालायचा. पलंगाखाली, न्हाणीघरात, दाराच्या मागे. पद्मजा समोर बसलेली असताना तो तिला शोधत होता.

तिचा आवाज तर त्याला सोसतच नसे. ओळखीचा आवाज अनोळखी अंगातून येतो, याचं त्याला भय वाटत असावं. म्हणून पद्मजाने त्याच्यासमोर बोलणं सोडलं. काही हवं असलं तर ती ऋजुताला खुणेने सांगे. आधीच शब्द हरवत होते. परवा शाळेतल्या एका मुलीने फोनवर काही विचारलं, तर पद्मजाला वारणा नदीचं नाव आठवेना. नदी डोळ्यांपुढे होती, काठचे ऊस दिसत होते, नाव तेवढं नाही. फोन ठेवून ती कितीतरी वेळ दंडाला सुटलेली खाज खाजवत बसली.

"डॉक्टरांना विचारू या," शेवटी ऋजुता म्हणाली. "हे साबणाचं नाही, आई."

*

डॉ. बागवान यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंधमापी यंत्राची नळी पद्मजाच्या मनगटावर टेकवली. मग वाकळीचा एक तुकडा यंत्रात घातला. पडद्यावर दोन आलेख उमटले. एकाचं दुसऱ्याशी काडीचंही नातं नव्हतं.

"मला हे आधी सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "बघा, आपला वास ठरतो तो बराचसा यकृतात. खाल्लेल्या अन्नातून हजारो उडणारे रेणू तयार होतात. त्यातले कुठले मोडायचे, कुठले रक्तात सोडायचे, हे यकृताची विकरं ठरवतात. सुटलेले रेणू घामातून कातडीवर येतात. त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती पोसली जाते आणि तिचा म्हणून एक वास होतो. आम्ही तुमच्या यकृतातल्या खुणा पुसल्या. विकरं बदलली, तसे कातडीवरचे जिवाणूही बदलले. इतरांना फरक कळणारही नाही. तुमच्या मुलाला कळला."

"मग पहिल्यासारखं करा."

"म्हणजे?"

"मी होते तशी करा मला."

डॉक्टरांनी यंत्राची नळी बाजूला ठेवली. "रोजची गोळी नव्या पेशींना नवंपण आठवत ठेवते. ती बंद केली तर वर्षभरात जुन्या खुणा बऱ्याचशा परततील. वासही कदाचित परतेल. पण त्याच्यासोबत काय येईल, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हे करणार नाही, पद्मजाताई. दुसरं काही बघते."

दुसरं म्हणजे गंधपट्टी. वाकळीतले रेणू मोजून तेच मिश्रण प्रयोगशाळेत बनवायचं, बोटभर पट्टीत भरायचं आणि मानेवर चिकटवायचं. पंधरा दिवसांनी पट्टी तयार झाली. डॉक्टरांनी ती आधी पद्मजाच्या नाकाशी धरली.

स्वतःचा वास माणसाला येत नाही. पद्मजाला तो आयुष्यात पहिल्यांदा आला. ओल्या लोखंडाचा, आंबूस ताकाचा आणि मागून किंचित मेथीसारखा कडवट.

"हा माझा?" ती म्हणाली. "असला?"

"तुमचाच."

ती पुन्हा हुंगू लागली. याच वासात तिचा मुलगा एकोणीस वर्षं डोळे मिटून विसावत आला होता.

पट्टी तिच्या मानेवर लावली, पण सांगलीला पोचेपर्यंत वास विटला. कातडीवरच्या नव्या जिवाणूंनी तो खाऊन टाकला. डॉक्टरांनी मिश्रण बदललं, पट्टी जाड केली, उपयोग झाला नाही. तिचा जुना वास तिच्या अंगावर टिकत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी ऋजुताच्या हातावर एक पट्टी लावून पाहिली. तिथे ती दिवसभर टिकली.

"मी लावते," ऋजुता म्हणाली. "निदान तो नीट जेवेल तरी."

*

त्या दिवशी शर्विल कोपऱ्यात वाकळ घेऊन बसला होता. ऋजुता त्याच्याजवळ गेली. तो उठला, वाकला, तिच्या मानेत नाक खुपसून त्याने लांब श्वास घेतला. त्याचे खांदे खाली आले.

"आ," तो म्हणाला.

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताटात वरण-भात कालवलेला होता. तिने ते ताट ऋजुताच्या हातात दिलं आणि ती आत वळली. मुलगा जेवतोय याचा आनंद खरा होता. पण छातीत जे पेटलं तेही तितकंच खरं होतं. पोटच्या लेकीचा हेवा वाटावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, असं तिला वाटलं. तरी वाटायचा तो वाटलाच.

घर पुन्हा मार्गी लागलं. शर्विल जेवू लागला, झोपू लागला, भिंतीवर डोकं आपटायचा थांबला. मात्र आता तो ऋजुताला क्षणभरही सोडेना. ती अंघोळीला गेली तर दाराशी बसून राही. तिने अत्तर सोडलं, साबण सोडला, मैत्रिणींकडे जाणं सोडलं. लक्षद्वीपला मरत चाललेल्या खडकांवर नवं प्रवाळ रुजवण्याचा एक प्रकल्प होता. त्यात तिची निवड झाली होती. आईच्या आजारपणासाठी तिने मुदत मागून घेतली होती. आता तिकडून फोन आला की ती अंगणात जाऊन हळू आवाजात बोले आणि आत येऊन म्हणे, "काही नाही गं, असंच."

पद्मजाला सगळं दिसत होतं. एका सकाळी तिने रोजची गोळी हातात घेतली, खिडकीतून कर्दळीच्या आळ्यात टाकली आणि वरून पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्षभर लागेल, डॉक्टर म्हणाल्या होत्या. लागू दे. पोरगी मोकळी होईल आणि तो पुन्हा माझ्या मानेशी येईल. पुढचं पुढे. हा हिशेब तिने कोणाला सांगितला नाही. त्याचं दुसरं टोक तिने स्वतःलाही तपासू दिलं नाही.

*

रविवारच्या दुपारी शर्विल झोपला होता. ऋजुता बाहेरच्या खोलीत आली आणि काही न बोलता आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. कितीतरी वर्षांत ती अशी झोपली नव्हती. पद्मजा तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली.

"आई, थांब. हलू नकोस," ऋजुता एकदम म्हणाली. तिने आईचा हात धरला, मनगट हुंगलं, मग कोपराची खळगी. "हा वास मला माहीत आहे."

"कसला?"

"तुझा. बालवाडीतून न्यायला यायचीस ना, मला कडेवर घ्यायचीस, तेव्हाचा. हाच, आई. अगदी हाच."

"काहीतरीच काय, राणी."

"शरू झाल्यावर तू दवाखान्यातून आलीस आणि हा वास गेला. मी आजीला म्हटलंसुद्धा, ही माझी आई नाही, बदलून आणलीय. आजीने मला दटावून गप्प केलं."

पद्मजाचा हात केसांत तसाच राहिला. तिला आठवलं. सहा वर्षांची ऋजुता तेव्हा तिच्याजवळ झोपेना. उशी उचलून आजीच्या खोलीत जायची. सगळे म्हणाले, भाऊ झाला म्हणून रुसलीय. पद्मजाही तेच धरून चालली होती.

"म्हणजे तो वास..." ती म्हणाली आणि तिला पुढचा शब्द सापडेना. या वेळी मात्र ते उपचारांमुळे नव्हतं.

शर्विलला मिळालेली आई पहिल्या दिवसापासून आजारी होती. त्याने जीव लावला तो ओल्या लोखंडाचा, कडवट वास तिचा नव्हताच, दुखण्याचा होता. आणि जिच्या मांडीवर आत्ता ही पंचवीस वर्षांची मुलगी नाक खुपसून रडत होती, ती आई हरवल्याचं एवढ्या वर्षांत कोणी मनावरही घेतलं नव्हतं.

"मग पुढे काय झालं?" पद्मजाने हळूच विचारलं. "तू माझ्याकडे परत कशी आलीस?"

"झाली सवय."

"किती दिवसांनी?"

"आठवत नाही. तू रोज तिथेच असायचीस. मग कधीतरी तूच आई झालीस."

ऋजुता तशीच झोपी गेली. पद्मजाचे पाय बधिर झाले तरी ती उठली नाही. मुलगी जागी झाल्यावर ती आत गेली, गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. मग तिने डॉ. बागवान यांना फोन लावला, गोळ्या टाकल्याचं सांगून बोलणी खाल्ली आणि म्हणाली, "पट्टी फिकी करत नेता येईल का? प्रत्येक वेळी थोडी थोडी?"

"येईल. पण त्याला ती हरवल्याचं कळेल, ताई. जड जाईल त्याला."

"मला माहीत आहे," पद्मजा म्हणाली. "ऋजुताला लक्षद्वीपला जायचंय."

*

जड गेलं, आणि ते फार जड गेलं. पट्ट्या फिक्या होत गेल्या तसा शर्विल ऋजुताच्या मानेशी अधिकाधिक वेळ हुंगत राहायचा. मग ते पुरेना. एके दिवशी त्याने स्वतःच्या मनगटाचा असा चावा घेतला की टाके घालावे लागले. ऋजुता रडत म्हणाली, "आई, पुरे. मी नाही जात कुठे. लाव परत पहिली पट्टी." पद्मजाने तिची बॅग उचलून दारात ठेवली.

"तू गेलीस तर तो मला शोधायचा थांबेल असं नाही," ती म्हणाली. "पण तू राहिलीस तर तो तुलाच मी समजत राहील. मग तू कोण गं?"

ऋजुता गेली. मदतीला दिवसा एक बाई येऊ लागल्या. पद्मजा रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर अंगणातल्या बाकावर बसून राही. शर्विलच्या जवळ जायचं नाही, हाक मारायची नाही, पदर पुढे करायचा नाही. ती तिथे आहे एवढंच. थकव्याने कधी तिचा तिथेच डोळा लागे. खाज कमी होत होती. हरवलेले शब्द एकेक करून परतत होते. बाकावर बसल्या बसल्या ती महाराष्ट्रातल्या नद्या मनात म्हणे आणि वारणा आली की तिला बरं वाटे.

शर्विल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसे. वाकळीला आता कसलाच वास येईना म्हणून त्याने ती टाकून दिली होती. मधूनच तो मान वर करून वाऱ्याचा वास घेई आणि "आ" म्हणे. कोणाला नाही, नुसतंच. उठून धावावं, मानेत त्याचं तोंड दाबून धरावं, असं पद्मजाला अंगभर वाटे. ती बाकाची कड धरून बसे.

आंब्याला मोहोर आला होता त्या सुमारास एका संध्याकाळी तो उठला, अंगण ओलांडून आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग त्याने तिचा हात उचलला आणि एकेक करून बोटांची पेरं हुंगली. घरात नवीन माणूस आला की हुंगायचा, तशी. करंगळीपर्यंत पोचला. हात खाली ठेवला आणि बाकाच्या दुसऱ्या कडेला बसला.

पद्मजा हलली नाही. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाशी तिची नुकतीच ओळख झाली होती.

त्यानंतर तो रोज येऊन बसू लागला. मग तिच्या हातचा घास घेऊ लागला. मग एकदा पेरू अर्धा खाऊन उरलेला त्याने तिच्या तोंडाशी धरला. आणि पावसाळा तोंडावर आला असताना, ताट पुढे यायला उशीर झाला म्हणून, त्याने तिच्याकडे पाहून एक अगदी नवा आवाज काढला.

"मू."

रात्रीचं जेवण आटोपल्यावर पद्मजाने ऋजुताला फोन केला. तिकडून समुद्राचा आवाज येत होता.

"मला मू म्हणाला," ती म्हणाली. "दोनदा. शब्द केलाय त्याने माझ्यासाठी."

"आणि आ?" ऋजुताने विचारलं. "आ म्हणतो का गं तुला?"

"नाही."

"म्हणेल, आई."

"नाही म्हणणार. ते नाव दुसरीचं आहे," पद्मजा म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं ते बोलणं दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बाकावर बसले होते. शर्विलचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला होता. कृष्णेकडून वारा आला. त्याने मान वर केली, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या. त्याचा चेहरा दूर कुठेतरी गेला.

"आ," तो म्हणाला.

"हो रे," पद्मजा म्हणाली. आता तिच्या आवाजाला तो दचकत नव्हता. "मलाही येते तिची आठवण."

शर्विलने तिचा हात चाचपून घेतला आणि अंधार पडेपर्यंत धरून ठेवला.